पोटाचा वाटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढेही नाही – त्याला ठाऊकच असणार, म्हणून तिथेही गप्प राहिले. तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका.

परवा नातू आला होता. माझ्या थोरल्या जावेचा नातू, पण मलाही आजीच म्हणतो. बोटीवर नोकरी करतो, देशोदेशी हिंडतो आणि जाईल तिथलं मांस चाखून बघतो. मगर खाल्ली, कांगारू खाल्ला, शहामृग खाल्लं – फोनमधले फोटो दाखवत होता. मला हसू आलं. म्हटलं, बाळा, तुझ्या या आजीनं पोलादपूरचं खोरं न सोडता काय काय खाल्लंय ते ऐक. भेकर, ससा, रानडुक्कर, रानकोंबडा, घोरपडसुद्धा. त्यानं विचारलं, सगळ्यांत चवदार कुठलं? मी म्हटलं, भेकर.

खोटं बोलले. या वयात – आणि कशासाठी? साळिंदराचं नावच घेतलं नाही मी.

मी मूळची महाडची. माहेरी रविवारी बकऱ्याचं मटण आणि एरवी सुकी मासळी, एवढंच ठाऊक. लग्न होऊन उमरठजवळच्या एका वाडीत आले, तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं असेल. नवरा मुंबईला गिरणीत. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि धाकटा दीर धोंडू. तोंडावर मी त्याला भावोजी म्हणायचे, पण होता माझ्याच वयाचा. माझ्या महाडी बोलण्याची नक्कल करून मला रडकुंडीला आणायचा आणि मग करवंदं आणून द्यायचा.

भाताची झोडणी आटपली की पुरुष पारधीला निघत. सासू रानातलं मांस घरच्या चुलीवर चढू देत नसे. परसात तीन दगड मांडायचे, वेगळं मडकं ठेवायचं. भाजलेल्या कांदाखोबऱ्याचा वास, डोळ्यांत जाणारा धूर, पाठीला थंडी आणि तोंडावर ऊब – अहाहा, अजून तोंडाला पाणी सुटतं. बघा, सांगायला काय बसले आणि बोलते काय. स्वभावाला औषध नाही.

वाटे कसे पडत? पानांवर. पारधीला गेलेल्या प्रत्येक माणसाला एक, बंदुकीला एक आणि कुत्र्याला एक – माणसाएवढाच. आणि कुणाच्या घरी बाई पोटुशी असेल, तर पोटातल्या जिवालाही एक. त्याला पोटाचा वाटा म्हणत. तो वेगळा शिजायचा. दुसऱ्या कुणी त्याला बोट लावायचं नाही.

धोंडूचा कुत्रा होता लाल्या. बिळात डोकं घालून साळिंदर बाहेर काढावं ते लाल्यानंच. नाकाडावर काट्यांचे व्रण मिरवायचा. पण धोंडूनं 'घे' म्हटल्याशिवाय घासाला तोंड लावायचा नाही. धोंडूला त्याचा केवढा अभिमान. वाडीत कुणी आलं की आधी लाल्याची ही शिस्त दाखवायची, मग पाणी विचारायचं.

त्या वर्षी थोरली जाऊ पोटुशी होती. आधी दोनदा मूल हाती लागलं नव्हतं, म्हणून सासू तिला तळहाताच्या फोडासारखी जपायची. साळिंदर मिळालं. पोटाचा वाटा शिजवून सासूनं परसात टोपलीखाली झाकला, मला राखणीला बसवलं आणि जावेला बोलवायला नदीवर गेली.

मी टोपली उचलली. मीठ बघावं म्हणून – छे, मीठ कसलं. खावंसं वाटलं म्हणून. एक फोड, मग दुसरी. बायका मागून जेवायच्या, मडक्याच्या बुडाचं खायच्या, हे खरं. पण त्या दिवशी मी काही उपाशी नव्हते. वाडगा रिकामा झाला. परसाच्या कडेला लाल्या पडला होता. मी हाडं त्याच्यापुढे टाकली.

"गो, ह्यातलं कुठं गेलं?" सासूनं विचारलं.

"लाल्यानं खाल्लं," मी म्हटलं.

पोटाच्या वाट्याला तोंड लावणारा कुत्रा घरी ठेवायचा नाही, पारधीला न्यायचा नाही, ही वाडीची रीत. सासूनं कपाळ बडवून घेतलं, थोरल्या दिरांनी काठी उचलली. धोंडू मधे पडला. मग त्यानं खाली बघितलं. हाडं होती तिथेच होती. लाल्या त्यांना शिवलाही नव्हता – 'घे' म्हणायला होतं कोण?

धोंडूनं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं मलाही कळलं. आईसमोर वहिनीला चोर म्हणणं त्याच्या जिभेवर आलं नाही. "नेतो मी त्याला," एवढंच म्हणाला. आंबेनळी घाट चढून वरच्या एका धनगराकडे लाल्याला सोडून आला.

काही दिवसांनी लाल्या परत आला, पार हडकलेला. अंगणाबाहेरच बसून राहिला, आत येईना. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? मी भाकऱ्या थापत राहिले. धोंडू त्याला पुन्हा घाटावर घेऊन गेला. त्यानंतर त्यानं पारधच सोडली.

जावेला मुलगा झाला, सुखरूप. बोटीवरच्या नातवाचा बाप तो.

पुढे मला दिवस गेले. एका सकाळी धोंडू एकटाच रानात गेला. कुत्रा नव्हता, बिळाशी धूर करून स्वतःच हात घातला असावा. आला तेव्हा खांद्यावर साळिंदर होतं आणि तळव्याला गुंडाळलेलं फडकं रक्तानं भिजलेलं. परसात दगड त्यानंच मांडले, शिजवलंही त्यानंच. वाडगा माझ्यापुढे ठेवला.

"वयनी, ह्यो तुमचा वाटा हाय. पोटभर खावा."

टोमणा होता का तो? तसं मानलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण टोमणे मारणाऱ्यातला नव्हता धोंडू. आता तोही नाही.

तो समोरच बसला होता, फडकं सोडून जखम बघत. परसात आम्ही दोघंच होतो. बोलायचं तर तेव्हाच बोलता आलं असतं. मी वाडगा जवळ ओढला आणि खाल्लं. चवीनं खाल्लं, हाडंसुद्धा चोखली.