तिसरी सही

नव्वदच्या दशकात मी जालन्याबाहेरच्या एका खाजगी मनोरुग्णालयात कागदपत्रांचं काम करत होते. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून सरकारी पत्रं माझ्याच टेबलावर यायची. फारसं बोलावं लागत नसे, म्हणून ते काम मला आवडायचं.

रुग्णालयावर देखरेखीसाठी शासनाने पाच जणांचं मंडळ नेमलं होतं. नावं जिल्ह्यातून मुंबईला जात आणि तिथून आदेश निघे. पाचांपैकी एक वारले होते, एकांची बदली झाली होती आणि नव्या नावांचा आदेश काही येत नव्हता. उरले तिघं: अध्यक्ष असलेले वयस्कर डॉक्टर, एक वकील आणि अंबडची माझी मावशी. ती महिला मंडळ चालवायची, आणि मंडळावर एखादी बाई हवी म्हणून तिचं नाव गेलं होतं.

दर महिन्याला निदान तिघांनी मिळून पाहणी करायची, असा नियम होता. मावशी एकदाही आली नव्हती. तिच्या यजमानांना तिने असल्या दवाखान्यात पाऊल ठेवलेलं चालत नव्हतं. मग दोघांची पाहणी झाली की मी रजिस्टर पिशवीत घालून एसटीने अंबडला जायची. मावशी पिठाचे हात पुसून सही करायची. वर वृत्तांत माझ्या अक्षरात असायचा: तीन सदस्य उपस्थित.

बायकांच्या वॉर्डात तीर्थपुरीकडची एक बाई होती. ती बरी होऊन वर्ष होत आलं होतं, पण भाऊ न्यायला येत नव्हता. मंडळाने शिफारस केली असती, तर रुग्णालयाला त्याला बोलवावंच लागलं असतं. ती दर पाहणीला कपड्यांचं गाठोडं बांधून बसायची. अध्यक्ष तिचं सगळं ऐकून घेत आणि म्हणत की शिफारशीसाठी तिघांनी समोर बसून ऐकायला हवं. हजेरीची खोटी नोंद त्यांना चालत होती, शिफारस मात्र खोटी नको होती.

ती मला विचारायची, "ताई, त्या तिसऱ्या बाई कवा येणार हायेत?"

"पुढच्या वेळी," मी म्हणायची.

एका पाहणीला तिने गाठोडं बांधलंच नाही. सिस्टर म्हणाली, दोन दिवस जेवलेली नाही, आता डॉक्टर पुन्हा गोळ्या सुरू करणार. एकदा पुन्हा आजारी अशी नोंद झाली की तिचं घर आणखी लांब जाणार होतं.

त्या दुपारी अंबडला मावशीने पेन उघडलं. मी रजिस्टर सोडलं नाही.

"काय झालं?"

मी सांगितलं. ती बाई, ते गाठोडं, अध्यक्षांचं म्हणणं, सगळं तुटक तुटक.

"मला तर सांगितल्तं, निव्वळ सहीचं काम आहे," मावशी म्हणाली. "आणि तू? इंग्रजी शाळेची पोर, सगळे कागद वाचतीस. तोंड न्हाई का तुला?"

तिने पेन बंद केलं आणि उठून आत गेली. आतल्या खोलीत यजमानांचा आवाज चढला तशी मी चपला घालून अंगणात उभी राहिले. त्या दिवशी रजिस्टर सहीविना परत आलं.

पाच दिवसांनी तिघांची पाहणी ठरली. मावशी एसटीतून उतरली तेव्हा तिच्या डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला होता. वॉर्डात ती बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारल्यावर वळली आणि मावशीकडे पाहत राहिली.

"तुमीच का त्या तिसऱ्या?"

"हो," मावशी म्हणाली आणि तिच्या खाटेवर बसली.

त्या दिवशी शिफारशीखाली तीनही सह्या समोरासमोर झाल्या. भाऊ आला, पण तीन पत्रं गेल्यावर, आणि तोही चेहरा पाडून. बाई त्याच्या मागोमाग गेली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही.

मागची पानं मात्र रजिस्टरमध्ये तशीच राहिली. तीन सदस्य उपस्थित, असं त्या प्रत्येक पानावर माझ्याच अक्षरात आहे.