डोंगरावरची फिकट रेघ

भूगोल शिकवत असले तरी उपग्रहाची चित्रं मी संशयानंच बघते. इतक्या उंचावरून सगळंच शांत दिसतं. मावशीच्या वाडीवरच्या डोंगराच्या चित्रात मात्र यंदा उन्हाळ्यात एक फिकट रेघ दिसली. शेजारचे सहकारी म्हणाले, "पायवाट असेल." पण चढाला आडवी जाऊन धनुष्यासारखी दोन्ही टोकांनी खाली वाकणारी पायवाट मी कधी पाहिली नव्हती.

रविवारी मावशीला घेऊन वर गेले. वाळलं गवत बाजूला केलं, तर जमिनीला भेग. हातातली काठी आत सोडली, ती तळाला टेकली नाही. मावशी बराच वेळ वाकून बघत राहिली.

"या डोंगराच्याच आधारानं राहिले मी इतकी वर्षं," ती हळूच म्हणाली.

भेगेत पाणी शिरून डोंगर खचेल म्हणून पावसाआधी वाडी रिकामी झाली, मावशी लेकीकडे गेली. पाऊस संपला, डोंगर जागच्या जागी आहे.

"पडला नाही ना गं? मग जाऊ का घरी?" ती फोनवर विचारते.

मी नवं चित्र उघडते. सगळीकडे हिरवळ, रेघ कुठेच नाही. मला तर आता त्या हिरवळीचाच जास्त संशय येतो.

"अजून थांब," मी म्हणते. तिला आता डोंगराचा संशय येतो की माझा, हे विचारायचा धीर होत नाही.