मोठ्याने वाचायची माझी खोड

आमच्या मोबाईलच्या दुकानात दुरुस्ती करतात हे, आणि बोलते मी. ह्यांची मान सकाळपासून भिंगाखाली. दहा वेळा हाक मारावी तेव्हा एक ‘हूं’ मिळतो. काउंटरवर कव्हरं, चार्जर, स्क्रीनवर लावायच्या काचा आणि माझं तोंड. त्यातलं सगळ्यात जास्त तोंडच चालतं असं हे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

मुलांच्या फोनचं काम माझ्याकडे आपसूक आलं. एक आई पोराला दंडाला धरून घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘काकू, ह्याच्या फोनला काहीतरी कुलूप घाला, नाहीतर मीच तो पाण्यात टाकते.’’ मी घातलं. किती वेळ चालेल ते ठरवलं, नको ते बंद केलं, अनोळखी माणसांचे निरोप अडवले. तिने आणखी चौघींना सांगितलं, त्या चौघींनी आणखी कुणाकुणाला, आणि वर्षभरात मी ‘कुलूपवाल्या काकू’ झाले. शाळेने पालकसभेला बोलावून हातात माईक दिला. माझा आवाज बिनमाईकचाच चार वर्गांना पुरतो, पण दिला. मी ठणकावून सांगितलं, ‘‘मुलांशी असं वागा, की काही झालं तर त्यांनी पहिल्यांदा तुमच्याकडे धावत यायला हवं.’’ टाळ्या पडल्या. हे मी कुठल्या तोंडाने बोलले, ते आठवलं की आता जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं.

कारण माझी कामाची पद्धत. कुलूप घालण्याआधी मी फोन तपासायचे. आई समोर स्टुलावर, मूल तिच्या बाजूला उभं, फोन माझ्या हातात. निरोप उघडायचे आणि मोठ्याने वाचायचे. बऱ्याच जणी चष्मा घरी विसरून यायच्या म्हणून ही सवय लागली, असं मी सांगते. खरं कारण वेगळं आहे. मला मजा यायची. दुकानातली गिऱ्हाइकं हसायची आणि मला आणखी चेव चढायचा.

एकदा नववीतली एक उंच, शिडशिडीत मुलगी आली होती आईबरोबर. तिने कुणा मुलाला लिहिलं होतं, ‘तू काल बोलला नाहीस, मला जेवणच गेलं नाही.’ मी ते अगदी गळा काढून वाचलं आणि वर म्हणाले, ‘‘अगं बाई, जेवण जात नाही म्हणे. पोट तपासून घ्या हिचं.’’ तिची आई हसली, कव्हर बघायला आलेले दोघं हसले. मुलगी फरशीकडे बघत राहिली. जाताना मी तिला चॉकलेट दिलं. म्हणजे झालं, असं माझं डोकं.

हे सगळं माझी लेक ऐकत असायची. चिमी म्हणतो आम्ही तिला, सातवीत आहे. शाळा सुटली की काउंटरमागे रिकाम्या खोक्यांवर बसून अभ्यास करायची. पूर्वी तीही माझ्या नकलांवर खिदळायची. ते हसू कधी थांबलं, माझ्या लक्षातही आलं नाही.

एका मंगळवारी दुपारी वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सुई टोचायचं काम करतात. अर्ध्या गावाच्या रक्तातलं त्यांना ठाऊक, पण त्यांच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटाच हवा. मी त्यांना मागे ‘मुका कारभार’ म्हणायचे, समोर म्हणायची टाप नव्हती.

‘‘चिमी माझ्याकडे आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुकान त्याच्यावर टाक आणि ये.’’

शाळेतून परस्पर आत्याकडे गेली, न सांगता? चांगली खरडपट्टी काढायची ठरवूनच मी जिना चढले. वन्संनी दार अर्धंच उघडलं आणि मधे उभ्या राहिल्या.

‘‘आधी ऐक,’’ त्या हळू म्हणाल्या. ‘‘तिने मला फोन दिलाय. म्हणाली, आईला दाखव, पण आईने मोठ्याने वाचायचं नाही. तसं कबूल कर, मगच आत ये.’’

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि कबूल केलं.

चिमी पलंगाच्या कडेला बसली होती, दप्तर अजून पाठीवरच. मी भिंतीला टेकून वाचायला लागले, मनातल्या मनात. घरं बांधायचा एक खेळ आहे, लहान मुलांचा. मीच तो चालू ठेवला होता. त्या खेळात एकमेकांना निरोप पाठवायची सोय असते, हे मी सगळ्या आयांना बजावायचे आणि माझ्या घरी मात्र बघितलं नव्हतं. तिथे हिला एक मैत्रीण मिळाली. तीही सातवीतली, तिचेही आई-बाबा सारखे कामात. हिने तिला गणवेशातला फोटो पाठवला. खिशावर शाळेचं नाव. त्यानंतर मैत्रिणीची भाषा बदलली. ती मुलगी नव्हतीच. वेगळे फोटो पाठव, नाहीतर शाळेच्या फाटकापाशी येईन, घरी सांगेन, हाच फोटो वाटेल तसा बदलून सगळ्यांना दाखवीन. हिने एकही पाठवला नव्हता. नुसती ‘प्लीज नको’ असं लिहीत राहिली होती, एकोणीस दिवस. आणि माझं कुलूप मला रोज कळवत होतं, ‘खेळ, चाळीस मिनिटं’. मी तिला शाबासकी देत होते.

माझा अंगठा त्या निरोपांवर टेकला, पुसून टाकायला. काहीही पुसायचं नाही, तक्रारीला तोच पुरावा, हे मीच लोकांना शिकवते. पण त्या क्षणी डोक्यात एकच होतं, कुलूपवालीच्याच घरात हे झालं म्हणून लोक शेण घालतील तोंडात. लेकीच्या आधी मला माझं नाव आठवलं. वन्संनी माझं मनगट धरलं आणि फोन काढून घेतला.

‘‘मला का नाही सांगितलंस गं?’’ मी चिमीला विचारलं.

‘‘आले होते सांगायला. तू त्या उंच ताईचं वाचत होतीस.’’

‘‘मग माणसं गेल्यावर सांगायचंस.’’

‘‘तू नंतर त्यांना सांगितलं असतंस,’’ ती म्हणाली. रागाने नाही, आज शाळेला सुट्टी आहे हे सांगावं तसं. ‘‘तू सगळ्यांचं सांगतेस, आई. जेवताना बाबांना पण करून दाखवतेस.’’

मी म्हणणार होते, तू परकी आहेस का, तुझं मी कशी सांगेन. पण खरंच सांगितलं नसतं का? नाव बदलून, ‘आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं’ म्हणून, पुढच्या पालकसभेत? सांगितलं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिच्याजवळ जाऊन बसायचंही धाडस होईना. दप्तर वन्संनीच उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो, आम्ही तिघी. ह्यांना चिमीच्या परवानगीनेच सांगितलं होतं, तेही वन्संनी. ऑनलाईन तक्रारींच्या खोलीत एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी दारातून सांगितलं, ‘‘मुलीबरोबर घरातल्या एका मोठ्या माणसाने आत या.’’

मी उठले. चिमीने आत्याचा हात धरला.

‘‘आई कोण?’’ बाईंनी विचारलं.

‘‘मी,’’ मी म्हणाले.

‘‘आई बाहेर बसेल,’’ चिमी म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, पण नीट ऐकू जाईल असं.

बाईंनी माझ्याकडून सही तेवढी घेतली आणि दार लावलं.

बाहेर बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले. दाराला काच होती, पण आतून पडदा. काही ऐकू येत नव्हतं. वन्संचा आवाज असा येतच नाही, आणि चिमीचा यायला हवा होता असं वाटून मी कान देऊन बसले होते.

‘‘तुमचं कोण आहे आत?’’ बाईने विचारलं.

‘‘मुलगी.’’

‘‘केवढी?’’

‘‘बारा वर्षांची.’’

‘‘मग तुम्ही बाहेर कशा?’’

एरवी मला उत्तर शोधावं लागत नाही. तेव्हाही चार तयार होती, आत जागा कमी आहे, तिची आत्या जास्त शिकलेली आहे, असली.

‘‘तिला माझी भीती वाटते,’’ मी म्हणाले.

बाईने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मांडीवरची पिशवी उचलून आमच्या दोघींच्या मधे ठेवली आणि थोडी पलीकडे सरकली. मी तिला काही समजावायला गेले नाही.