गेटपर्यंतचं गाऱ्हाणं

आमच्या गाडीला माझ्या फोनपेक्षा बाबांचा फोन जास्त आवडायचा. मी गाडी चालू केली रे केली की ती घरातल्या खिडकीत ठेवलेला त्यांचा फोन शोधून काढायची आणि स्क्रीनवर नाव यायचं, ‘बाबा’. माझा फोन शेजारच्या सीटवर पडलेला असायचा, पण तो तिला दिसायचाच नाही. मग बाबांना कुणाचा तरी फोन यायचा. बोलणाऱ्याचा आवाज माझ्या गाडीत खणखणायचा आणि बाबा ओसरीवर उभे राहून मुका फोन कानाला लावून ‘हॅलो, हॅलो’ करत राहायचे. मी काच खाली करून ओरडायचे, तुमचे डिचोलीचे दोस्त इथे गाडीत येऊन बसलेत, या बोलायला. मला पणजीचं ऑफिस गाठायचं असायचं. रोजची नुसती कटकट.

बाबांनी जन्मभर डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर ते पेडण्याला घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. पण वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान शेवटपर्यंत त्यांचाच. कुणाच्या दारात काही नवं आलं की नारळ ठेवून देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, सांभाळ म्हणायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बाकीच्यांची गाऱ्हाणी दोन मिनिटांत आटपायची. बाबा मात्र गावचे सगळे देव, सगळ्या शिवा-सीमा, गेलेली सगळी माणसं गोळा करून मगच मुद्द्यावर यायचे. माझी गाडी आली त्या दिवशी ऊन डोक्यावर चढलं तरी नारळ काही फुटेना. मी घड्याळ बघत होते. ऐकलं कुणी!

ते गाऱ्हाणं त्यांनी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. पुतण्या शिकेल म्हणून. पुतण्या कुठला यायला? मी शिकते म्हटलं, तर बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं म्हणाले. मग मीही तो विषय सोडून दिला.

बाबा गेले त्या दुपारी ओसरीवर पडून स्वतःचंच गाऱ्हाणं ऐकत होते. मध्येच बंद केलं आणि आईला चहा ठेवायला सांगितलं. चहा उकळून आई बाहेर आली तोवर सगळं संपलं होतं.

फोनला कुलूप होतं, आणि त्याचा नंबर आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हता. ट्रकचा नंबर घालून पाहिला, माझं जन्मसाल घातलं, आईनं सांगितलेलं लग्नाचं साल घातलं. पेडण्याच्या बाजारातल्या दुकानदारानं फोन उघडून देतो म्हटलं, पण आतलं सगळं पुसलं जाईल म्हणाला. मी त्याच्या हातातून फोन ओढूनच घेतला. आईनं तो परत त्याच खिडकीत चार्जरला लावून ठेवला. रोज पदरानं पुसायची.

दिवसकार्य आटपून मी पहिल्यांदा ऑफिसला निघाले. गाडी चालू केली. स्क्रीनवर ‘बाबा’ आलं, आणि मी ते नाव बघतेच आहे तोवर गाडीभर त्यांचा आवाज झाला. “...तर ह्या चेडवाच्या वाटेक काय आडवा येत, काय उभा येत, ता दूर कर रे म्हाराजा.” जिथे त्यांनी थांबवलं होतं तिथूनच पुढे. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. आई आतून धावत आली, पायरीवरच थबकली, आणि रेकॉर्डिंगमधल्या माणसांबरोबर तिच्याही तोंडून निघून गेलं, “व्हय म्हाराजा.”

त्या दिवसापासून तेच सुरू झालं. सकाळी मी गाडी चालू करायची, आई पायरीवर यायची, बाबांची दोनतीन वाक्यं व्हायची. गाडी गेटाबाहेर वळली की फोनची जोडणी तुटायची आणि आवाज बंद. दुसऱ्या दिवशी पुढची दोनतीन. मी एकदा गेटाआत थांबून सगळं ऐकायचं ठरवलं, तर आईनं हात हलवून जा म्हणून खुणावलं. संध्याकाळी म्हणाली, सगळं एकदम संपवलं तर मागे काय राहील? पटलं मला. मागे नेण्याचं बटण होतं स्क्रीनवर, पण त्याला हात लावायची छाती झाली नाही. दुसरंच काही लागून बसलं तर?

वाईट दिवस होते, पण खोटं कशाला बोलू, सकाळची मी वाट बघायचे. गेटापर्यंत गाडी इतकी हळू न्यायचे की पाववाला सायकल लावून वैतागायचा.

ऑफिसातल्या एका बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी डोक्यावर हात मारला. अगं, गाडीत वाजतंय ना, मग तुझा फोन समोर धर आणि रेकॉर्ड करून घे. एवढी साधी गोष्ट मला कशी सुचली नाही! रविवारी करायचं ठरवलं. आईला सांगितलं, रविवारी शेवटापर्यंत ऐकूया, मग हवं तेव्हा पुन्हा पुन्हा ऐकता येईल. ती किती दिवसांनी हसली.

शनिवारी दुपारी परतीचा पाऊस आला. आमच्याकडे गडगडायला लागलं की घरातल्या सगळ्या पिनी काढून ठेवतात. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, काही सोडत नाहीत. बाबाच आईच्या मागे लागायचे, पिनी काढ, पिनी काढ म्हणून. मी बाजारात होते.

रविवारी आई आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून पायरीवर आली. मी माझा फोन स्क्रीनसमोर धरला आणि गाडी चालू केली. काहीच नाही. पुन्हा केली. मग मी खिडकीकडे धावले. फोन काळा पडला होता, चार्जरची पिन खाली लोंबत होती.

“गडगडत होता म्हणान काढलेली गो बाय,” आई म्हणाली. “मगे लावूक विसरलंय.”

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ती उभी होती, हातात माझ्याच गाडीला घालायला काढलेली फुलं. त्या फुलांकडे लक्ष गेलं आणि मी थांबले. ओरडायला मी कोण? बाबा समोर उभे राहून माझ्यासाठीच देवाला सगळं सांगत होते, तेव्हा मी घड्याळ बघत होते.

फोन चार्ज केला. सुरू झाला आणि नंबर मागू लागला. तरी तो खिडकीत ठेवून मी गाडीत जाऊन बसले. चालू केली. स्क्रीनवर नाव आलं, ‘बाबा’. जोडलं गेलं होतं. आवाज मात्र आला नाही; बंद पडून उठलेला फोन गाऱ्हाणं कुठे थांबलं होतं तेच विसरला होता. मी आवाज पूर्ण वाढवला, तर नुसती खरखर.

आई पायरीवर येऊन उभी राहिली. गेट उघडं होतं. आईनं हात जोडले, आणि त्या खरखरीत, एक वाक्य व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ देऊन, ती म्हणाली, “व्हय म्हाराजा.”