चव्वेचाळीस नंबरचे दार

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्या माणसाला सगळे पेंटरच म्हणत, बायकोसुद्धा. त्याचे अक्षर दुरून ओळखू येई. सरळ रेघ तो श्वास रोखून ओढी, आणि चारचा आकडा पुरा झाला की ब्रश उचलता उचलता त्याचे टोक किंचित वर वळवी. का वळवी, हे त्यालाही सांगता आले नसते. हाताची लकब होती ती.

संध्याकाळी त्याच हातात इलेक्ट्रिक गिटार येई. बस डेपोतला मिस्त्री ड्रम वाजवी, सरकारी दवाखान्यातली सिस्टर बास वाजवी, पेंटर गाई. मिस्त्रीच्या घरावरची खोली, भिंतींना टेकवलेल्या जुन्या गाद्या, आणि दार लावले की घामाच्या धारा. विशीत लागलेला हा नाद पन्नाशी आली तरी सुटला नव्हता. "लोक गुडघ्यांना तेल लावतात या वयात, आपण तारा बदलतोय," असे सिस्टर म्हणे, आणि तार बदली.

आता त्यांचा पहिला अल्बम होत होता. नाल्यापलीकडची वस्ती रुंद रस्त्यासाठी पाच वर्षांपूर्वी पाडली गेली. माणसे शहराच्या पार टोकाला, उंच इमारतींत नेऊन टाकली. रस्ता आजही झालेला नव्हता. तिथे गवत होते. त्या वस्तीची आठ गाणी तिघांनी बांधली होती. एक बुलडोझरचे, एक खोट्या नकाशाचे, एक उद्घाटनाच्या भाषणाचे. गाणी खणखणीत होती, राग खरा होता, आणि आठही गाण्यांत बोट दुसऱ्याकडे होते. बोट योग्य माणसाकडेच होते, यात शंका नाही. पण देवाने ज्याला गळा दिला त्याला जाबही विचारला, आणि पेंटर एका संध्याकाळी नववे गाणे लिहून घेऊन आला.

ते त्याने बैठकीत नुसते वाचून दाखवले. वस्ती पाडण्याच्या दोन महिने आधी ठेकेदाराने एक पेंटर बोलावला होता. दारांवर लाल रंगाने नंबर घालायचे होते. "सर्व्हे आहे," एवढेच ठेकेदार म्हणाला. भर दुपारी, माणसे कामावर गेलेली असताना, तोंडाला रुमाल बांधून एका पेंटरने एकशे दहा दारे रंगवली. सर्व्हे कशाचा, हे त्याने विचारले नाही. तो पेंटर हाच.

मिस्त्रीने काठ्या मांडीवर ठेवल्या. "आठ गाणी बास झाली, पेंटर. रविवारी त्याच लोकांपुढे वाजवायचंय. एकदा का पाठ फिरवली त्यांनी, तर अल्बम या गाद्यांनाच ऐकवत बस. आणि कव्हरवर कॉम्प्युटरची अक्षरं घेऊ. तुझं अक्षर ओळखलं की संपलं."

"गाणं वाईट असतं तर बरं झालं असतं," सिस्टर म्हणाली. "चांगलं आहे, म्हणून भीती वाटते. त्यात चव्वेचाळीस नंबर कुणाचा?"

"आत्याचा."

"मग आधी तिला ऐकव. ती नको म्हणाली तर विषय बंद."

आई गेल्यावर ज्या आत्याने त्याला वाढवले, ती आता सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होती. घर पाडताना तिने दार तेवढे बिजागऱ्यांसकट काढून आणले होते. दोन ट्रंकांवर ते आडवे टाकले होते, त्यावर तिची औषधे, चष्मा, पाण्याचा तांब्या. तांब्याशेजारी लाल चव्वेचाळीस. दोन्ही चारांची टोके वर वळलेली.

पेंटर दाराकडे न बघता बसला. तारा जुळवल्या. विजेविना ती गिटार डासासारखी गुणगुणत होती, पण त्याने शेवटपर्यंत गायले. आत्या शेंगा सोलता सोलता ऐकत होती.

"ती दारातली ओळ पुन्हा म्हण."

त्याने म्हटली. घर पाडले त्या दिवशी आत्या दारात रडली, अशी ती ओळ होती.

"मी कधी रडले रे?"

"आत्या, गाण्यात जरा..."

"गाण्यात काय नि कोर्टात काय. पाडायला आलेल्या त्या साहेबाला तासभर उन्हात उभा केला होता मी. म्हटलं, कागद वाचून दाखव, सगळा. तीन पानं वाचली त्याने. घसा सुकला, पाणी मागितलं. नाही दिलं." तिने एक शेंग सोलली. "तुला दिलं होतं, नंबर घालायला आलास तेव्हा. आणि रंगाचा डबाही धरला होता."

"मग तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून वाट बघत होते. त्या ठेकेदाराला विचारशील, नंबर कशाला म्हणून. तू ब्रश धुतलास आणि गेलास." तिने टरफले बाजूला सारली. "नंतर सगळे मला विचारायचे, कुणी घातले गं नंबर? मी म्हणायचे, मला मोतीबिंदू आहे. पाच वर्षं मोतीबिंदू आहे मला."

पेंटरने डोळे पुसले.

"आता तूच रडतोयस. गाणं वाजव, मी नको म्हणत नाही. पण रडकी आत्या घातलीस तर माझ्या घरी येऊ नकोस. भांडलेली घाल. आणि फोटो काढायचा तर या दाराचा काढ. औषधं उचल आधी."

ओळ बदलली. चाल अडली, कारण भांडणाऱ्या बाईला दोन मात्रा जास्त लागत होत्या. मिस्त्रीने कुरकुरत त्या दिल्या. सातव्या खेपेला गाणे बसले. कव्हरवर दार आले, आणि दाराखाली पेंटरने अल्बमचे नाव आपल्या हाताने रंगवले.

रविवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावर, गाड्या हलवून केलेल्या जागेत, वस्तीतली माणसे जमली. आत्या पहिल्या खुर्चीवर. त्रेचाळीस नंबरच्या शिंप्याने कव्हर हातात घेतले आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"हा चार माझ्या दुकानाच्या पाटीवर आहे," तो सावकाश म्हणाला. "आणि माझ्याही दारावर होता."

मिस्त्रीने मान वळवली. सिस्टरचा हात तारांवर तसाच राहिला.

"माझाच आहे," पेंटर म्हणाला. "सगळ्या दारांवरचा."

जागेत कुजबूज झाली. मागचे दोघे उठून जिन्याकडे गेले. शिंपी उभाच होता. मग त्याने कव्हर छातीशी धरले आणि खुर्चीत बसला. "वाजव. ऐकतो. तुझ्याशी बोलायचं की नाही ते मग ठरवतो."

"पहिलं कुठलं घ्यायचं?" मिस्त्रीने हळूच विचारले. यादीत पहिले बुलडोझरचे होते.

"नववं," पेंटर म्हणाला, आणि गिटारची वायर खोचली.

जिन्याकडे गेलेले दोघे पायरीवर थांबले होते. आत्याने खुर्ची थोडी पुढे ओढली. मिस्त्रीने काठ्या एकमेकींवर आपटून मोजायला सुरुवात केली: एक, दोन, तीन, चार.