साहेबांना नावाने लिहिलं तेव्हा

नव्या गालिच्याचा कोंदट वास आला की कर्वेनगरमधली माझी पहिली सॉफ्टवेअर कंपनी आठवते आणि डोकं तापतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सहा महिने नीट गेले की नोकरी कायम होणार होती आणि घरी सगळे त्याचीच वाट बघत होते. पहिल्या रजेची ईमेल मी शाळेत शिकवल्याप्रमाणे ‘रिस्पेक्टेड सर’ अशी सुरू केली. साहेबांनी ती छापून कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचली. “अहो, हा काय तलाठ्याला अर्ज आहे? इथे सगळे मला नावानेच लिहितात!” पोहे खाता खाता सगळे हसले, मीही कसनुसा हसलो. पुढच्या ईमेलमध्ये मी त्यांचं नुसतं नाव लिहिलं, शेजारच्या टेबलावरची मुलं रोज लिहायची तसंच. तासाभरात केबिनमध्ये बोलावणं आलं. “लगेच नावावर आलात?” “आपणच सांगितलंत, सर.” “त्या मुलांचं वेगळं आहे हो. ती घरातूनच तशी आलीत. आपण जरा पायरी ओळखून राहावं.” घरातून! माझे वडील मंडईत हमाली करायचे, पण त्यांनी कधी माणूस बघून बोलणं बदललं नाही. मी म्हणालो, “मग कुणी काय लिहायचं, त्याची यादीच लावा भिंतीवर.” माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं आणि कारण लिहिलं होतं, ‘वर्तन असमाधानकारक’. आता बायको म्हणते, अहो, इतकी वर्षं झाली, सोडून द्या. का सोडू? त्या कागदावर आजही माझंच वर्तन वाईट आहे.