ड्रायव्हरमागची खिडकी

अपघातातून वाचलेली चार माणसं चहाच्या टपरीवर बसली की किस्से आपोआप साठत जातात. आमचे सुरू होताना हसू येतं, संपेपर्यंत चहा गार झालेला असतो.

आम्ही कळंबहून बारामतीला रोज येणारे पासवाले. उसाच्या ट्रॉलीला धडकून आमची एसटी उलटली, त्यात विलास गेला. बाकीचे वाचलो, असं लोक म्हणतात!

*

शोभाच्या सासूबाईंनी मिक्सर लावला. त्या घरघरीनं शोभा किंचाळत ओट्याखाली शिरली. सासूबाईंना वाटलं, अंगात आलं! कुंकू लावून हात जोडले, "कोन हाईस आई तू? काय पायजे तुला?"

शोभा रडत म्हणाली, "आत्याबाई, तेवढा मिक्सर बंद करा!"

आता त्यांच्याकडं चटणी खलबत्त्यात होते.

*

माझं वेगळंच. उसाची ट्रॉली दिसली की मी ब्रेक दाबते. घरून थांब्यावर येताना स्कूटी कडेला लावून उभी राहते, एसटी चुकते, आणि हंगामात ट्रॉल्या काय संपतात होय! ऑफिसात रोज लेट. साहेब वैतागले, "मॅडम, रोज ऊस आडवा येतो का?"

"येतो, सर."

"मग कारखाना बंद होईपर्यंत हाफ डेच टाका!"

सगळे हसले. मीही हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

तात्या आमच्यातले वडीलधारे, कॉलेजात शिपाई. विलासला नेहमी उशीर व्हायचा, म्हणून तात्या खिडकीतून रुमाल टाकून त्याची जागा धरायचे. त्या दिवशीही ड्रायव्हरमागची खिडकी धरली, त्याला बसवलं आणि स्वतः मागं उभे राहिले.

नंतर त्यांनी एसटीत पायच ठेवला नाही. नोकरी जायची वेळ आली, तेव्हा आम्ही बळंच डॉक्टरकडं नेलं.

"तात्या, झोप लागते का?"

"लागती की. पर डोळा लागला की एसटी सुटती."



*

गोळ्या सुरू झाल्या. परवा तात्या म्हणाले, "आज येतो तुमच्याबरूबर." थांब्यावर एसटी लागली आणि त्यांनी सवयीनं रुमाल टाकला. तीच खिडकी! शोभानं माझा हात दाबला, "जमलं गं!" किती दिवसांनी आम्ही खरंखुरं हसलो.

तात्या वर चढले, रुमाल उचलून खिडकीशी बसले. कंडक्टर ओळखीचा. त्यालाच कसंतरी झालं. "तात्या, हितं कशाला? मागं जागा हाय की मोकळी."

"ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "मागं आज विलासला उभं केलंय."